बागेचं वर्ष आश्विनात सुरू होतं

अनंत चतुर्दशी आणि घटस्थापना यांच्यामधला पंधरवडा बाजाराला मंदीचा जातो. पितृपक्षात नवी खरेदी करायची नाही, नवं काम काढायचं नाही, हा संकेत अजून पुष्कळ घरांत पाळला जातो. घरच्या बागेला मात्र हेच दिवस जुळून येतात, कारण तेव्हाच्या कामात नवं काही घ्यायचं नसतंच. कुंड्या रिकाम्या करायच्या, गुंतलेली मुळं सोडवायची, तळाची तुंबलेली भोकं मोकळी करायची, माती कागदावर पसरून वाळवायची. दिसायला हे काम कंटाळवाणं असतं, पाहुण्यांना दाखवावं असं त्यात काहीही नसतं. पण मार्गशीर्षात गॅलरीत मेथी असेल की नुसती वाळकी काटकी, हे या पंधरवड्यात ठरतं.

रोपं आणायचा महिना म्हणजे जून, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. पहिला पाऊस पडला की रोपवाटिकांसमोर गाड्या उभ्या राहतात, हातगाडीवाले सोसायट्यांच्या फाटकाशी मोगरा-जास्वंद घेऊन येतात, शाळांतून वनमहोत्सव होतात. जमिनीत खड्डा घेऊन लावायच्या झाडांसाठी ते बरोबरच आहे. आंब्याला, कडुलिंबाला, करंजाला चार महिन्यांचं पाणी मिळतं आणि मुळं खोल जातात. कुंडीतल्या भाजीचं आणि फुलझाडांचं गणित वेगळं आहे. आषाढ-श्रावणात ढगांमुळे ऊन कमी, कुंडीतली माती सतत ओली, मुळांना हवा नाही. कोवळं रोप मातीलगत मऊ पडतं आणि एका रात्रीत आडवं होतं. भेंडी, दोडका, पडवळ, अळू ही खास पावसाळ्यातली मंडळी सोडली, तर बाकी भाज्यांसाठी पावसाळ्याइतका कठीण काळ नाही. जूनमध्ये हौसेने सुरुवात करून ऑगस्टमध्ये ‘आमच्या हाताला झाडं येत नाहीत’ असं ठरवून टाकणारी कितीतरी घरं आहेत. त्यांच्या हाताला काही झालेलं नसतं. त्यांना चुकीचा महिना सांगितला गेलेला असतो. आपल्या हवामानात घरच्या बागेचं वर्ष पाऊस परतताना सुरू होतं. हा लेख त्याच आठवड्यांबद्दल आहे.

आधी मातीबद्दल. चार महिने कुंडीवर पडलेलं पाणी वरून आत आणि तळातून बाहेर गेलेलं असतं. जाताना ते विरघळणारी अन्नद्रव्यं, विशेषतः नत्र, सोबत घेऊन जातं. पाण्याच्या माऱ्याने मातीचे बारीक कण खाली बसतात आणि तळाशी चिकट थर तयार होतो. वरून शेवाळ धरतं. म्हणून भाद्रपदाअखेर कुंडी वरवर खुरपून भागत नाही, ती उलटीच करावी लागते. माती हातात घेतली की सगळं कळतं. आंबूस वास येत असेल तर हवा खेळलेली नाही. पांढुरक्या, टोकाशी जिवंत मुळांचं जाळं असेल तर झाड ठीक आहे, त्याला फक्त जागा कमी पडते आहे. तपकिरी, सालपट सुटणारी मुळं कापून टाकायची. माती दोन-तीन दिवस उन्हात पसरली की बुरशी आणि गोगलगायींची अंडी यांचा बराच निकाल लागतो. मग तिच्यात साधारण तिसरा हिस्सा चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि मोठ्या कुंडीला मूठभर निंबोळी पेंड मिसळायची. माती पुण्याकडची काळी, चिकट असेल तर कोकोपीट किंवा पालापाचोळ्याचा चुरा घालून ती भुसभुशीत करायची. कोकणातल्या तांबड्या मातीला उलट, पाणी धरून ठेवील असं काहीतरी हवं. तिला शेणखताचा हात सढळ लागतो.

गच्चीवर बाग करणाऱ्यांनी आणखी एक हिशेब याच वेळी करावा. ओल्या मातीचं वजन घनफुटाला 45 ते 50 किलो भरतं. 200 लिटरचं अर्धं कापलेलं पिंप मातीने भरलं तर ते दीड क्विंटलच्या पुढे जातं. अशी पिंपं गच्चीच्या मधोमध न ठेवता खांबांच्या आणि तुळयांच्या रेषेवर ठेवावीत, आणि जागा ठरवण्याआधी इमारत ओळखणाऱ्या अभियंत्याला विचारावं. माती कमी करून पालापाचोळा वाढवला की वजन निम्म्याच्या आसपास उतरतं आणि मुळांनाही ते मानवतं.

आता उन्हाबद्दल. बागेवरच्या पुस्तकांत ‘झाडाला सहा तास ऊन हवं’ एवढं एक वाक्य असतं आणि पुढे सगळी चर्चा खतांची असते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला खत विकत मिळतं, ऊन मिळत नाही. ते कोणत्या महिन्यात कुठून येतं हे त्याला स्वतःच पाहावं लागतं.

मुंबई साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे, पुणे साडेअठरावर. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य भर दुपारी आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. त्या दिवसांत दक्षिणेकडच्या गॅलरीत थेट ऊन जवळजवळ येतच नाही, वरच्या मजल्याचा स्लॅब सावली धरून उभा असतो. उत्तरेकडच्या गॅलरीत मात्र सकाळ-संध्याकाळ ऊन शिरतं. 22-23 सप्टेंबरला सूर्य विषुववृत्त ओलांडतो आणि चित्र पालटतं. उत्तरेची गॅलरी आता मार्चपर्यंत थेट उन्हाला मुकते. दक्षिणेच्या गॅलरीत ऊन दर आठवड्याला थोडं थोडं आत येऊ लागतं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 48 अंशांवर असतो, म्हणजे तिरपं ऊन गॅलरी ओलांडून खोलीच्या फरशीपर्यंत पोचतं. ज्या घरात पावसाळाभर तुळसही धड जगली नाही, त्याच घरात कार्तिकात टोमॅटो येऊ शकतो तो यामुळे.

यात एक बारकावा आहे. गॅलरीचा कठडा जाळीचा नसून तीन फूट उंच विटांचा असेल, तर डिसेंबरच्या दुपारीसुद्धा त्याची सावली अडीच-पावणेतीन फूट आत पडते. आपण सवयीने कुंड्या कठड्याला लावून जमिनीवर ठेवतो, म्हणजे नेमक्या त्या सावलीत. त्या दोन फूट उंच मांडणीवर ठेवल्या किंवा मागच्या भिंतीकडे सरकवल्या की त्याच गॅलरीत तीन-चार तासांचं ऊन जास्त मिळतं. कुंड्या कठड्यावर ठेवू नयेत. वाऱ्याने किंवा मांजराने पाडलेली कुंडी खाली कोणाच्या डोक्यात बसेल हे सांगता येत नाही. उत्तरेच्या गॅलरीतल्या माणसानेही निराश व्हायचं कारण नाही. पुदिना, आलं, ओवा, गवती चहा आणि पालेभाजीची कोवळी रोपं नुसत्या उजेडावर बऱ्यापैकी निभावतात. तिथे टोमॅटो, वांगी, मिरचीचा हट्ट मात्र धरू नये.

उन्हाकडे पीक म्हणून पाहायला महाराष्ट्राला शिकवलं ते श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी. कोल्हापूरचे दाभोलकर गणिताचे अध्यापक होते. शेतीची पदवी नव्हती, पण त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’तून सांगली भागातल्या द्राक्ष बागायतदारांनी स्वतः प्रयोग करून, एकमेकांना आकडे कळवून बागा उभ्या केल्या. पान हे ऊन गोळा करणारं यंत्र आहे, दर चौरस फुटावर पडणारं ऊन वाया न घालवता पानांनी झेललं पाहिजे, हा त्यांच्या विचाराचा गाभा. 10 गुंठ्यांत एका कुटुंबाचं नीट भागू शकतं, असं त्यांनी मांडलं. ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकाच्या नावातच त्यांची सारी भूमिका आहे.

मुंबईत हाच धागा डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर नेला. उसाच्या रसवंतीवरची चिपाडं, जी एरवी कचऱ्यात जातात, ती पिशव्यांत आणि पिंपांत भरून, वर अगदी थोडी माती घालून त्यांनी भाज्या आणि फळझाडं वाढवली. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराचं काम पाहणाऱ्या प्रीती पाटील यांनी दोशींची ही पद्धत स्वयंपाकघराच्याच गच्चीवर आणली. हजारो कामगारांचं जेवण रांधणाऱ्या त्या स्वयंपाकघरातली भाज्यांची देठं, साली, टाकाऊ पाणी वर गच्चीत जाऊ लागलं आणि तिथे पेरू, चिकूपासून पालेभाज्यांपर्यंत बाग उभी राहिली. पुढे ‘अर्बन लीव्हज’च्या माध्यमातून त्यांनी ही विद्या शहरभर शिकवली. हा सगळा प्रवास मला फार मोलाचा वाटतो. कोल्हापूरच्या गणिताच्या शिक्षकापासून मुंबईच्या गोदीतल्या स्वयंपाकघरापर्यंत एक विचार हातोहात गेला, आणि वाटेत कोणी त्याचा मालक झाला नाही.

पालापाचोळ्याची सोयही आता पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. पुण्यात अदिती देवधर यांनी 2016 मध्ये ‘ब्राऊन लीफ’ हा उपक्रम सुरू केला. ज्यांच्या अंगणात पाला पडतो ते तो जाळण्याऐवजी गोण्यांत भरून ठेवतात, आणि ज्यांना बागेसाठी हवा ते घेऊन जातात. एवढी साधी ही देवाणघेवाण. पाला मुख्यतः माघ-फाल्गुनात गळतो आणि त्याची गरज आश्विनात लागते, म्हणून तो कोरडा साठवून ठेवायची बुद्धी आधीच सुचायला हवी. कुंडीवर दोन बोटं जाडीचं पाल्याचं आच्छादन घातलं की ऑक्टोबरच्या उन्हात पाणी निम्म्याने कमी लागतं असा बहुतेक बागवाल्यांचा अनुभव आहे.

ते ऑक्टोबरचं ऊन हाच या दिवसांतला खरा धोका. मोसमी पाऊस मुंबईतून परतण्याची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर. त्याआधी सूर्य हस्त नक्षत्रात असतो, म्हणजे 27 सप्टेंबरपासून साधारण 10 ऑक्टोबरपर्यंत. मुली हत्तीभोवती फेर धरून भोंडला खेळतात ते हेच दिवस. हस्ताचा पाऊस गडगडाट करत येतो, तासाभरात धुऊन काढतो आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडतं. कोवळ्या रोपांना असा पाऊस फार वाईट. बारीक बी पेरलेलं असेल तर ते वाहून जातं, उगवलेलं असेल तर चिखलात झोपतं. पाऊस गेला की आभाळ निरभ्र, जमीन अजून ओली, हवा दमट, आणि मुंबईचा पारा 35-36 अंशांपर्यंतही जातो. सप्टेंबरमध्ये पेरलेली कोथिंबीर या उकाड्यात एक तर उगवत नाही किंवा वीतभर होण्याआधी फुलावर येते. कोथिंबिरीला घाई करू नये. कोजागरी उलटून रात्री गार होऊ लागल्या की मग पेरावी. धने हलके चिरडून दोन फाकी करून रात्रभर भिजत घालावेत. एका धन्यात दोन बिया असतात, त्या सुटल्या की उगवण नीट होते. तरी आठ-दहा दिवस वाट पाहावी लागते. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं वर काढते, म्हणून नवख्याने सुरुवात मेथीपासून करावी.

मेथीला मातीचाही फारसा आग्रह नसतो. मुंबईच्या बाजारात समुद्रमेथीच्या बोटभर जुड्या मिळतात. समुद्रकाठच्या वाळूत दाट पेरून, दोन पानं फुटली की मुळासकट उपटलेली ती मेथी. घरी उथळ ट्रेमध्ये वाळू आणि थोडं खत घेऊन ती पंधरा दिवसांत सहज काढता येते. खिडकीच्या ग्रीलमध्येही मावते. नोकरी करून बाग सांभाळणाऱ्यांना याहून भरवशाचं पीक मला माहीत नाही.

बी उगवतं की नाही याची परीक्षा आपल्या घरांत याच दिवसांत होते. घटस्थापनेला पत्रावळीवर शेतातली माती पसरतात, गहू, ज्वारी, जवस, करडई असं घरचं धान्य पेरतात, मधल्या घटातून पाणी झिरपत राहतं. नऊ दिवसांनी दसऱ्याला पिवळसर कोंबांचे तुरे टोपीत खोचून पुरुष सोनं लुटायला निघतात. रब्बीच्या पेरण्या त्यानंतरच्या. पेरायच्या बियाण्यातले मूठभर दाणे देवापुढे उगवून पाहायचे आणि मग उरलेलं शेतात घालायचं, इतका पक्का क्रम सणात बांधलेला आहे. बागेतही हेच करावं. पाकिटातल्या 20 बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवाव्यात. 15-16 उगवल्या तर पाकीट चांगलं. दहाच्या आत उगवल्या तर दाट पेरावं किंवा नवं बी आणावं. विकतच्या पाकिटावर पॅकिंगची आणि वैधतेची तारीख असते, ती दुकानातच वाचावी. कांद्याचं बी तर वर्षभरातच दम सोडतं.

ज्यांना बियांपासून सुरुवात करायची नाही त्यांनी पुणे-सोलापूर रस्त्याने सोरतापवाडी, उरुळी कांचनकडे एक फेरी मारावी. दोन्ही हातांना रोपवाटिकाच रोपवाटिका. दसऱ्याच्या आसपास तिथे ट्रेमध्ये कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, मिरची, वांगी, झेंडू यांची हजारो रोपं उभी असतात. ती मुख्यतः शेतकऱ्यांसाठी असतात, पण मागितली तर पाच-दहाही मिळतात. रोप निवडताना सगळ्यात उंच घेऊ नये. उंच रोप उजेडासाठी ताणलेलं असतं. चार-पाच पानांचं, बुटकं, जाड देठाचं रोप उचलावं, आणि ट्रेच्या तळातून डोकावणारी मुळं पांढरी आहेत ना ते पाहावं. रोप संध्याकाळी लावावं आणि पहिले तीन-चार दिवस दुपारी त्याच्यावर जुनं सुती कापड धरावं.

काय लावायचं याची यादी करण्यापेक्षा मी भोगीचा हिशेब करायला सांगते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी घरोघर भोगीची भाजी होते. गाजर, वांगी, पावटा किंवा घेवडा, हरभऱ्याचे सोलाणे, वर तीळ. त्यातलं जेवढं घरचं घालता येईल तेवढं घालायचं असं ठरवा आणि 13 जानेवारीपासून मागे मोजत या. गाजराला 90 दिवस लागतात, म्हणजे ते 15 ऑक्टोबरच्या आत पेरायला हवं, आणि जिथे वाढायचं तिथेच, फूटभर खोल कुंडीत. गाजराचं रोप उपटून दुसरीकडे लावलं तर त्याला फाटे फुटतात. वांग्याचं तयार रोप 60 ते 70 दिवसांत फळ देतं, ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लावून चालतं. बुटका घेवडा 50-60 दिवसांत शेंगा देतो, म्हणून दिवाळी आवरून निवांतपणे पेरावा. हरभरा घरातल्याच डब्यातला, ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात टाकलेला, घाटे धरेपर्यंत कोवळा पालाही देतो. त्याला पाणी कमीच घालायचं. एका कुटुंबाची पूर्ण भाजी चार कुंड्यांतून निघणार नाही. मूठभर सोलाणे निघतील आणि एखादं वांगं. तेवढ्यासाठी तीन महिने रोज सकाळी कुंडीपाशी जाणं मला रास्त वाटतं, कारण भाजी कशी तयार होते हे ज्या मुलांना माहीतच नाही ती या तीन महिन्यांत ते डोळ्यांनी पाहतात.

पावट्याची गंमत निराळी आहे. गावठी वालाचा वेल आषाढात लावला तरी पानांनी मांडव भरत राहतो, फुलत नाही. दिवस लहान होऊ लागले की मगच त्याला तुरे येतात. आपल्याकडे जूनमधला दिवस 13 तासांहून थोडा मोठा असतो, डिसेंबरमधला 11 तासांच्या आसपास. एवढा दोन तासांचा फरक वेल ओळखतो. रायगडात भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर कडवा वाल पेरतात, त्याच्या शेंगांची पोपटी पुढे थंडीत लागते, तिथेही हेच घड्याळ चालू असतं.

शेवंतीही याच जातीची. तिला फुलायला लांब, अखंड अंधारी रात्र लागते. रात्री मध्येच थोडा वेळ उजेड पडला तरी कळ्या लांबतात. फुलशेतीवाले हेच तंत्र उलट वापरून, दिवे लावून, शेवंतीचा बहर हवा तेव्हा आणतात. घरच्या गॅलरीत मात्र हे नकळत घडतं. सोसायटीच्या मोठ्या दिव्यासमोर किंवा रस्त्याच्या खांबाजवळ ठेवलेली शेवंती पानांनी गच्च भरते आणि फुलत नाही, आणि घरचे तिला आणखी खत घालत बसतात. तिला फक्त अंधारी बाजू द्यायची. आत्ता दिवाळीत आकाशकंदील आणि विजेच्या माळा महिनाभर रात्रभर चालू राहतात, त्या दिवसांत शेवंतीची कुंडी दुसऱ्या खिडकीत हलवावी.

कीड या दिवसांत येतेच. रात्री दव पडू लागलं की भुरी, कोवळ्या शेंड्यांवर मावा, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण. आठवड्यातून एकदा पानं उलटून पाहणं आणि दिसेल ते पाण्याच्या फवाऱ्याने किंवा बोटाने काढणं, यानेच घरच्या बागेचं बरंचसं काम होतं. औषधाकडे शेवटी जावं, तेही कडुलिंबाच्या तेलाकडे. कढीपत्त्यावर आणि लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी मात्र मारू नये. ती फुलपाखराची आहे. 2015 मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेलं ब्लू मॉर्मन, आपली राणी पाकोळी, लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. चार पानं तिला द्यावीत.

आणि बी राखावं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती परसातल्या कामासाठी. वाल, घेवडा, पालेभाज्या, भात यांच्या गावठी वाणांचं बी त्यांनी आपल्या घरात जमवलं, उगवलं आणि शेजारच्या बायकांना दिलं. एक अट घालून दिलं: नेलं त्याच्या दुप्पट परत आणायचं. त्यांची ही बँक मातीच्या घरात सुरू झाली. बी राखायला लागणारी राख, मडकी आणि कडुलिंबाचा पाला घरातच होता. शहरातल्या कुंडीलाही एवढं जमतं. घेवड्याच्या वेलावरची सगळ्यात आधी आलेली, भरदार शेंग तोडायची नाही. तिला दोरा बांधून ठेवायचा, म्हणजे घरातलं कोणी चुकून भाजीत घालणार नाही. वेलावरच ती वाळून खुळखुळू लागली की दाणे काढायचे, चार दिवस सावलीत सुकवायचे, थोड्या राखेत घोळवून काचेच्या बरणीत भरायचे आणि बरणीवर वाणाचं नाव, कोणाकडून आणलं ते आणि महिना लिहायचा. निम्मं बी शेजारच्या घरी द्यायचं, कारण आपलं मेलं तर पुढच्या आश्विनात मागायला तेच दार असेल.